भात वेगळ्या टेबलावर नेला तेव्हा

आमच्या कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात सुमारे चारशे जणी राहतात. कॉलेज सांगलीजवळ. मी तिथे संख्याशास्त्र शिकवते, आणि वसतिगृहाची रेक्टर असल्यामुळे मेसही माझ्याकडेच येते. मेसच्या भिंतीवर दोन पाट्या कैक वर्षांपासून आहेत: 'अन्न हे पूर्णब्रह्म' आणि 'ताटात अन्न टाकू नका'. पाट्यांच्या बरोबर खाली खरकट्याची पिंपं. रात्री मेस बंद होताना ती भरलेली असायची, आणि वरच्या थरात दिसायचा तो भात. पांढरा, बहुतेकदा हातही न लागलेला.

पोरींना किंमत नाही, असं सगळेच म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही. यातल्या कितीतरी जणी जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या आहेत. उन्हाळ्यात टँकर कधी येणार यावर घरातली कामं ठरतात हे त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. एक किलो तांदूळ पिकवायला जगभराच्या सरासरीने अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी लागतं, हे मी वर्गात सांगितलं तेव्हा सगळ्यात आधी त्याच गप्प झाल्या. तरी त्याच रात्री भात पिंपात गेलाच. माहिती होती, तळमळ होती, पाटीही होती. मग अडतंय कुठे, हे मेसमध्येच उभं राहून शोधायचं ठरवलं.

हा चारशे मुलींपुरता किरकोळ प्रश्न आहे असं कुणाला वाटेल. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. ग्राहकांपर्यंत पोचलेल्या अन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. त्यातलं २८ टक्के हॉटेलं, कँटीन, मेस अशा ठिकाणांहून. शेतापासून ताटापर्यंत जे अन्न नासतं आणि टाकलं जातं, त्यातून होणारं उत्सर्जन जगाच्या एकूण हरितगृह वायूंच्या ८ ते १० टक्के आहे. मेसचं पिंप या हिशेबात येतं.

मी ज्या वाटेने गेले तिला अर्थशास्त्रात 'नज' म्हणतात. बंदी नाही, दंड नाही, बक्षीसही नाही. निवडीची मोकळीक जशीच्या तशी ठेवायची आणि ती निवड ज्या मांडणीत होते ती मांडणी बदलायची. या विचारातल्या कामासाठी रिचर्ड थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या घरातलं उदाहरण द्यायचं तर एसीचं. १ जानेवारी २०२० पासून भारतात स्टार लेबल असलेला एसी चालू केला की तो आपणहून २४ अंशांवर सुरू होतो. कुणाला १८ करायचे असतील तर कुणी अडवत नाही, पण बरेच जण रिमोटला हात लावत नाहीत. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा हिशेब आहे. चीनमध्ये जेवण मागवायच्या एका अ‍ॅपवर 'काड्या-चमचे नकोत' हाच पर्याय आधीपासून निवडून ठेवला, तेव्हा काड्या-चमच्यांशिवायच्या ऑर्डरींचं प्रमाण ६४८ टक्क्यांनी वाढलं. हा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. हे वाचल्यापासून आपल्या मेसमध्ये आधीपासून काय 'निवडून ठेवलेलं' आहे, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना.

मेस कमिटीतल्या मुलींना हाताशी घेतलं आणि आधी नुसतं मोजायचं ठरवलं. एका पिंपाऐवजी चार बादल्या: चपाती, भात, भाजी-उसळ आणि उरलेलं सगळं. कोठीतला धान्याचा काटा बाहेर आणला. मुली बादल्यांपाशी वही घेऊन उभ्या राहिल्या की बाकीच्यांची ताटं एकदम स्वच्छ यायला लागतात, हे पहिल्याच संध्याकाळी दिसलं. म्हणून वजन मेस बंद झाल्यावर, दार लावून करायचं ठरलं. पातेल्यात उरलेलं अन्न आणि ताटात टाकलेलं अन्न यांची नोंद वेगळी ठेवली. शिल्लक आणि खरकटं हे दोन निराळे आजार आहेत आणि त्यांना औषधंही निराळी लागतात. ही एक गोष्ट नीट केली म्हणून पुढचं सगळं जमलं असं मला वाटतं.

खरकट्यात निम्म्याहून जास्त वजन भाताचं निघालं. चपातीचे तुकडे फारसे नव्हते. भाजीची बादली दोडका, दुधी, तोंडल्याच्या दिवशी भरायची, एरवी नाही. भात मात्र रोज.

कारण एका सेकंड इयरच्या मुलीने सहज सांगून टाकलं. "मॅडम, परत लाईनला कोण उभं राहणार? म्हणून भात आधीच घेऊन ठेवते. चपात्या होईपर्यंत तो गार होतो, आणि पोटही भरलेलं असतं." मी लाईनकडे नव्याने पाहायला लागले. ताट घ्यायचं, चपाती, भाजी, उसळ, भात, आमटी, आणि सगळं एकदाच घेऊन बाहेर पडायचं. आठच्या गर्दीत पुन्हा आत शिरायचं तर मागून सुरुवात. म्हणजे मुलगी भाताचा निर्णय जेवणाच्या आधी घेत होती, सगळ्यात जास्त भूक लागलेली असताना, आणि 'नंतर मिळेल ना' ही धास्ती मनात असताना. अशा वेळी मीसुद्धा दोन वाढण्या घेतल्या असत्या.

तेव्हा भात लाईनमधून काढला. एक लांब टेबल मेसच्या दुसऱ्या टोकाला, बसायच्या बाकांजवळ नेलं आणि त्यावर भाताचं झाकणाचं भांडं आणि आमटीचं पातेलं ठेवलं. चपाती-भाजी जेवून झाली की उठायचं, चार पावलं चालायचं, हवा तेवढा गरम भात घ्यायचा. मेसवाल्या काकांचा आधी सक्त विरोध होता. एक माणूस जास्त लागेल, पोरी दोनदोनदा घेतील, तांदूळ पुरणार नाही. ते व्यवसाय करतात, त्यांची काळजी खोटी नव्हती. थोडे दिवस बघू, नाही जमलं तर टेबल परत जागेवर, या बोलीवर ते तयार झाले.

पहिल्या काही आठवड्यांतच भाताची बादली निम्म्यावर आली. काकांना जास्त आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं: तांदूळ कमी शिजवूनही पुरायला लागला. आधी ते पिंपासाठीही शिजवत होते. त्या टेबलाला मुलींनी 'भाताचा स्टॉप' नाव ठेवलं आणि ते टेबल परत न्यायचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढचा मुद्दा वाढणाऱ्या हाताचा. आमच्याकडे चार मावशी वाढतात. त्यातल्या मोठ्या मावशींचा हात सढळ. त्यांच्या समोरून गेलेल्या ताटात भाजी नेहमी जास्त. त्यांना कमी वाढा म्हणणं मला बरं वाटेना आणि त्यांनाही पटेना. त्या म्हणाल्या, "मॅडम, हात आखडता घेतला तर पोरी म्हणत्यात मावशी चिकट हाय. आन् घरापासनं लांब आलेल्या पोरीस्नी कमी वाढायला माझा हात व्हत न्हाई." हे बोलणं मला आजही मोलाचं वाटतं, कारण त्यांनी अडचण नेमकी दाखवली. कमी वाढण्यात माया कमी दिसते. ती दिसू न देता वाढणं कमी करायचं होतं.

आपल्या पंगतीत याचं उत्तर आधीपासून आहे. पंगतीत वाढपी पहिल्या फेरीत बेताचं वाढतो आणि पुन्हा पुन्हा येत राहतो. मठ्ठा आला, परत भाजी आली, परत पोळी आली. जेवणाऱ्याला खात्री असते की समोरून पुन्हा येणार, म्हणून पहिल्याच वाढीला पान भरून घ्यायचं कारण उरत नाही. बुफे आला, ही खात्री गेली, आणि लग्नांमधली ताटं कशी भरायला लागली ते आपण सगळे बघतो. (पंगतीतला आग्रह मात्र उलट्या दिशेने ढकलतो. 'एक जिलबी तरी' म्हणत पानात टाकलेली जिलबी कितीदा तशीच उचलली जाते.) तर खात्री घ्यायची आणि आग्रह सोडायचा, असं मावशींशी बोलून ठरवलं. डाव लहान आणले. वाक्यही त्यांनीच ठरवलं: "आधी एवढं घे गं, लागलं तर थेट पुढं ये, मी वाढते." नुसत्या वाक्याने काही झालं नसतं. परत घेणाऱ्यांसाठी काऊंटरच्या डाव्या बाजूला वेगळी जागा केली, तिथे रांग नाही. मुलींनी एकदोनदा जाऊन बघितलं, खरंच लगेच मिळतं हे कळलं, तेव्हा पहिल्या वाढीला "बास मावशी" ऐकू यायला लागलं.

लाईनच्या सुरुवातीला त्या दिवसाच्या भाजीची चव बघायला चिमुकल्या वाट्याही ठेवल्या. दोडक्याच्या दिवशी त्यांचा खूप उपयोग होतो. नको असेल तर मुलगी अर्धाच डाव घेते किंवा उसळ वाढवून घेते, आणि काहींना तो दोडका चक्क आवडतो.

ताटं लहान करावीत, असंही सुचवलं गेलं. नॉर्वेतल्या हॉटेलांमध्ये बुफेच्या प्लेट लहान केल्यावर वाया जाणारं अन्न सुमारे २० टक्के कमी झालं, असा २०१३ चा अभ्यास आहे. पण याच विषयावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ब्रायन वॉन्सिंक यांचं नाव एके काळी सगळीकडे घेतलं जायचं, आणि २०१८ मध्ये विद्यापीठाच्याच चौकशीत त्यांच्या संशोधनात गैरप्रकार आढळले, त्यांचे अनेक निबंध मागे घेतले गेले. संख्याशास्त्राची शिक्षिका म्हणून या प्रकरणाने मला फार अस्वस्थ केलं होतं. चारशे नवी ताटं घ्यायची तर खर्च मोठा, आमची कप्प्यांची स्टीलची ताटं धडधाकट, आणि चांगली ताटं भंगारात काढून पर्यावरण वाचवायचं हे मनाला पटणारं नव्हतं. तो विषय तिथेच सोडला.

खरी खडाजंगी झाली ती फलकावरून आणि दंडावरून. कमिटीतल्या मुलींना रोज फळ्यावर लिहायचं होतं, 'काल आपण एवढे किलो अन्न फेकलं!' मी त्यांना मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांचा अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातला प्रयोग सांगितला. तिथल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात लोक अश्म झालेल्या लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात. 'बरेच पर्यटक तुकडे नेतात, त्यामुळे उद्यानाचं रूप बदलत चाललंय' अशा अर्थाचा फलक लावला तेव्हा जवळपास ८ टक्के तुकडे चोरीला गेले. 'कृपया नेऊ नका' एवढंच लिहिलं तेव्हा २ टक्क्यांहूनही कमी. सगळेच करतात असं सांगितलं की वाचणाऱ्याला मुभा मिळते. आमचा फळाही तेच सांगणार होता. मग एका रात्री मुलींनी ताटंच मोजली. दर दहातली सातेक ताटं रिकामी येत होती! टाकणाऱ्या कमीच होत्या, फक्त टाकलेलं सगळं एका जागी दिसायचं. फळ्यावर लिहिलं, 'आपल्या मेसमध्ये बहुतेक मुली ताट रिकामं करून उठतात.' हे खरं होतं, म्हणूनच लिहिलं. आकडा वाढवून लिहू या, जास्त परिणाम होईल, असं एकीने सुचवलं होतं; ते मी ठामपणे नाकारलं. ज्या मुलींसाठी हे चाललंय त्यांच्याशीच खोटं बोलायचं असेल तर हा उद्योग करायलाच नको.

दंडाची सूचना वरून आली. ताटात टाकणारीकडून पैसे घ्या, किंवा फोटो काढून पालकांना पाठवा. इस्रायलमधल्या हैफा शहरातला पाळणाघरांचा प्रयोग मी लेखी उत्तरात मांडला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला तर उशीर वाढला, आणि दंड काढून घेतल्यावरही तो खाली आला नाही. ओशाळेपणाची जागा पैशाने घेतली होती. पण माझं मुख्य कारण वेगळं होतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के जणींना रक्तक्षय आढळला. आमच्याकडेही रक्ततपासणी झाली की गोळ्या घेणाऱ्यांची यादी लांब असते. दंडाच्या भीतीने मुलगी आधीच कमी घेईल आणि अर्धपोटी उठेल. वजन वाढण्याच्या धास्तीने जेवण टाळणाऱ्या मुलीला तर आयतं निमित्त मिळेल. त्या वयात एखादीचं ताट सगळ्यांसमोर तपासणं हा मला छळ वाटतो. दंड बारगळला. उलट आम्ही वहीत एक रकाना वाढवला: परत वाढून घेणाऱ्या किती. खरकटं कमी होत असताना हा आकडा घसरला तर काहीतरी चुकतंय, ही आमची खूण. तो वाढला. दर आठवड्याला वही उघडली की मी आधी हाच रकाना बघते.

खरकटं आमच्या आवारातल्या बायोगॅसला जातं आणि 'इथलं अन्न वाया जात नाही, त्याचा गॅस होतो' असा छान रंगवलेला फलक पिंपांजवळ होता. तो मी काढायला सांगितला तेव्हा बऱ्याच जणांना वाईट वाटलं. टाकलेल्या अन्नाचं खत होणार आहे हे आधी सांगितलं तर लोक जास्त टाकतात, असं अमेरिकेतल्या एका जेवणाच्या प्रयोगात २०१७ साली दिसलं होतं. खत झालं किंवा गॅस झाला, तरी तांदळाला लागलेलं पाणी, खत, डिझेल काही परत येत नाही. गॅस अजूनही बनतो. फलक आता बायोगॅसच्या टाकीजवळ आहे, ताट ठेवायच्या जागी नाही. हे का केलं, ते मुलींच्या मासिक सभेत सांगितलं. टेबल का हललं, डाव का लहान झाले, फळ्यावरचं वाक्य कसं निवडलं, सगळंच सांगितलं. सांगितल्यावर परिणाम जाईल अशी शंका काही सहकाऱ्यांना होती. भाताचं टेबल आहे तिथेच आहे, आणि परत लाईनला उभं राहावं लागत नाही हे माहीत असूनही तेवढंच सोयीचं आहे.

शिल्लक अन्नाचं औषध खाड्यांमध्ये सापडलं. जेवायला नसलेल्या मुलीने आदल्या दिवशी ऑफिसात खाडा लिहायचा, हा जुना नियम. शनिवार-रविवारी निम्म्या मुली गावी जातात, पण घाईत खाडा कोण लिहितं? न लिहिलेली मुलगी जेवणारी धरली जायची आणि पातेली भरून उरायची. शनिवार-रविवारपुरता हा नियम आम्ही उलटा केला: जेवणार असेल तिने शुक्रवारी रात्री नाव द्यायचं. नाव द्यायचं ठिकाण भाताच्या टेबलाशेजारीच. विसरणाऱ्या असणारच, म्हणून काही ताटं जास्तीची धरायची, आणि विसरलेल्या एकीलाही उपाशी परत पाठवायचं नाही, हे काकांकडून आधी कबूल करून घेतलं.

इथे मुलींनी अगदी रास्त प्रश्न विचारला: आम्ही नाव देऊन अन्न वाचवायचं आणि पैसे काकांचे वाचणार? महिन्याची रक्कम ठरलेली, त्यामुळे तसंच होणार होतं. हा प्रश्न बाजूला सारला असता तर सगळ्या मांडणीवरचा विश्वास गेला असता. काकांसोबत बसलो, तांदळाचा आणि गॅस सिलिंडरचा हिशेब मांडला. दुपारी प्रत्येकीला ताक आणि आठवड्यातून दोनदा केळं, असं ठरलं.

सगळं टिकलं असं नाही. पिंपाकडे जाणाऱ्या वाटेवर मुलींनी चिकटवलेल्या हिरव्या पावलांकडे महिन्याभरात कुणी बघेनासं झालं. फळ्याचा परिणामही परीक्षेच्या दिवसांत दिसत नाही. याचं मला नवल वाटत नाही. सरकारी कामांत नज वापरून बघणाऱ्या अमेरिकेतल्या दोन मोठ्या विभागांनी केलेल्या १२६ प्रयोगांचा आढावा २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधन-पत्रिकांमधल्या प्रयोगांत सरासरी ८.७ टक्के अंकांचा फरक पडलेला, आणि या प्रत्यक्ष कामात १.४ चा, म्हणजे शंभरातल्या जेमतेम एक-दोघांचा. आमच्याकडे मोठा फरक पडला तो जिथे मुलींना खरोखर अडचण होती तिथेच: रांग, गार भात, खाड्याची वही. जिथे नुसतं सुचवायचं होतं तिथे थोडाच. सरकारी कचेऱ्यांपासून शाळांपर्यंत हल्ली नजचं नाव सारखं कानावर येतं. माझं मत विचाराल तर आधी रांगेत उभं राहून बघा, स्टिकर नंतर छापा.

रविवारचा फीस्ट अजून सुटलेला नाही. पुलाव, पनीर, गुलाबजाम असले की लहान डावही उंच भरतात आणि परत वाढून घ्यायच्या जागेवरचा विश्वास त्या एका दुपारी उडतो, कारण गुलाबजाम खरंच संपतात. पुढच्या सत्रात गुलाबजामची दोन कुपनं प्रत्येकीला आधीच देऊन बघणार आहोत, म्हणजे आपल्या वाटचं कुणी नेणार नाही हे पक्कं राहील. मुलांच्या वसतिगृहाच्या रेक्टर सरांनीही आमची वही मागवली. त्यांना मी वहीसोबत चार बादल्या पाठवल्या आणि सांगितलं, टेबल इतक्यात हलवू नका. त्यांच्याकडे सगळ्यात जास्त चपाती वाया जाते असं त्यांच्या पहिल्या नोंदी सांगतात, आणि ते आता तिथल्या रांगेत उभे राहून कारण शोधताहेत.